झडती कोणाची होते आणि सापडते कोणाकडे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतील पोलीसव्यवस्थेवर आलेला लेख वाचला. २५ मे २०२० रोजी मिनियापोलिस येथे जॉर्ज फ्लॉइड यांचा पोलिसाच्या गुडघ्याखाली झालेला मृत्यू आणि त्यानंतरचा घटनाक्रम लेखकाने नेटका मांडला आहे. मात्र लेख संपता संपता त्यांनी एक विधान केले आहे, आणि ते तसेच सोडून देणे मला योग्य वाटत नाही. कृष्णवर्णीयांमध्ये गुन्ह्यांचे प्रमाण अधिक असल्यामुळे पोलीस त्यांना अधिक वेळा थांबवतात, त्यात वर्णद्वेष नसून केवळ अनुभव आहे, आणि कायदा पाळणाऱ्या भारतीयांना तिथे पोलिसांपासून काही त्रास नाही, असे ते विधान आहे. मी तीसहून अधिक वर्षे न्यू जर्सीत राहतो. हेच मत इथल्या मराठी घरांत जेवणाच्या टेबलावर आणि मंडळाच्या कार्यक्रमांत मी असंख्य वेळा ऐकले आहे; सुशिक्षित, सज्जन माणसांच्या तोंडून ऐकले आहे. त्यामुळे ते आता छापून आले असताना त्याला सविस्तर उत्तर देण्याची परवानगी घेतो.

लेखकाचा आधार अटकांच्या आकड्यांचा आहे, म्हणून आकड्यांपासूनच सुरुवात करू. अमुक समाजातील माणसाकडे शस्त्र किंवा अमली पदार्थ सापडण्याची शक्यता जास्त, हा पोलिसांचा अनुभव खरा असेल, तर त्या समाजातील माणसांची झडती घेतल्यावर निदान इतरांइतक्या वेळा तरी काहीतरी हाती लागले पाहिजे. ते कमी वेळा लागत असेल, तर त्याचा अर्थ एवढाच निघतो की गोऱ्या माणसाची झडती घ्यायला पोलिसांना ठोस कारण लागते आणि काळ्या माणसाची घ्यायला त्याहून कितीतरी कमी कारण पुरते. ही कसोटी अमेरिकेत अनेक ठिकाणी लावली गेली आहे आणि तीही बहुतांशी पोलिसांनी स्वतःच्या हाताने भरलेल्या कागदांवर.

न्यूयॉर्क पोलिसांच्या ‘स्टॉप अँड फ्रिस्क’ (रस्त्यात थांबवून चाचपणे) या पद्धतीविरुद्धच्या खटल्याचा निकाल न्यायाधीश शिरा शाइंडलिन यांनी १२ ऑगस्ट २०१३ रोजी दिला. जानेवारी २००४ ते जून २०१२ या काळात त्या शहराच्या पोलिसांनी रस्त्यावरून जाणाऱ्या माणसांना ४४ लाख वेळा थांबवले होते. थांबवलेल्यांपैकी ५२ टक्के कृष्णवर्णीय, ३१ टक्के हिस्पॅनिक (मूळचे स्पॅनिशभाषक देशांतले) आणि १० टक्के गोरे होते; शहराच्या २०१० च्या लोकसंख्येत हेच प्रमाण अनुक्रमे २३, २९ आणि ३३ टक्के होते. आता हाती काय लागले ते पाहा. थांबवलेल्या कृष्णवर्णीयांपैकी १ टक्का लोकांकडे शस्त्र सापडले, हिस्पॅनिकांपैकी १.१ टक्के आणि गोऱ्यांपैकी १.४ टक्के लोकांकडे. शस्त्राखेरीज अन्य बेकायदा वस्तूंचे प्रमाण कृष्णवर्णीयांत १.८, हिस्पॅनिकांत १.७ आणि गोऱ्यांत २.३ टक्के. थांबवण्याच्या १०० प्रसंगांपैकी ८८ प्रसंगांत पुढे अटकही झाली नाही आणि समन्सही निघाले नाही. ज्याला भिंतीला टेकवून, हात वर करायला लावून चाचपले, तो माणूस निर्दोष म्हणून आपल्या वाटेने निघून गेला.

शहराच्या वकिलांनी न्यायालयात नेमका आपल्या लेखकाचाच युक्तिवाद केला होता. गुन्ह्यांच्या तक्रारींत संशयित म्हणून कृष्णवर्णीयांचे वर्णन जितक्या प्रमाणात येते, तितक्याच प्रमाणात आम्ही त्यांना थांबवतो, असे त्यांचे म्हणणे. न्यायाधीशांनी दिलेले उत्तर प्रत्येकाने लक्षात ठेवावे असे आहे. थांबवलेले जवळपास सगळेच लोक निर्दोष निघत असतील, तर त्यांचा वर्णनिहाय आकडा गुन्हेगारांच्या आकड्याशी जुळावा, असे मानायला काही आधारच उरत नाही. गुन्हेगारांचे प्रमाण निर्दोष माणसांना लावणे म्हणजे शेजाऱ्याने केलेल्या चोरीची शिक्षा दारावरून जाणाऱ्या दुसऱ्याच माणसाला देणे होय, आणि ती शिक्षा लाखो माणसांनी वर्षानुवर्षे भोगली.

हे घडू कसे शकले, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. ३१ ऑक्टोबर १९६३ रोजी क्लीव्हलंडमध्ये मार्टिन मॅकफॅडन नावाच्या अनुभवी गुप्तहेराने दोन माणसांना एका दुकानासमोर पुन्हा पुन्हा येरझारा घालताना आणि काचेतून आत डोकावताना पाहिले. दरोड्याची तयारी असावी, असे वाटून त्याने त्यांना अडवले, वरवर चाचपले आणि पिस्तुले सापडली. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि जून १९६८ मध्ये मुख्य न्यायमूर्ती अर्ल वॉरन यांनी आठ विरुद्ध एक अशा बहुमताने निकाल दिला की, अटकेसाठी लागतो तितका पुरावा नसला तरी ‘वाजवी संशय’ असल्यास पोलीस माणसाला थोडा वेळ थांबवू शकतात आणि तो सशस्त्र असल्याची भीती असल्यास वरून चाचपूही शकतात. पोलिसांतील काही घटक अल्पसंख्याकांची, विशेषतः कृष्णवर्णीयांची, सरसकट छळणूक करतात अशी तक्रार वारंवार होत असल्याचा उल्लेख त्याच निकालपत्रात आहे. म्हणजे धोका न्यायालयाला ठाऊक होता. मॅकफॅडनने ती माणसे बराच वेळ निरखली होती, आपल्याला काय दिसले ते तो साक्षीत सांगू शकला होता. न्यूयॉर्कमध्ये चाळीस वर्षांनंतर त्या निरीक्षणाची जागा एका छापील फॉर्मने घेतली होती. यूएफ-२५० या नावाच्या त्या फॉर्मवर कारणांच्या चौकटी होत्या आणि सर्वाधिक खुणा होणाऱ्या चौकटींपैकी एक होती ‘संशयास्पद हालचाल’. खिशात हात घातला, मान वळवली, पोलिसांकडे पाहिले, पोलिसांकडे पाहायचे टाळले, काहीही त्या चौकटीत बसत असे.

ही पद्धत सोडली तर शहर पुन्हा गुन्हेगारांच्या हाती जाईल, असे तेव्हा सांगितले जात होते. २०११ साली ६,८५,७२४ वेळा लोकांना थांबवले गेले आणि त्या वर्षी शहरात ५१५ खून झाले. त्यानंतर थांबवण्याचे प्रमाण इतके घटले की २०१६ मध्ये ते १३ हजारांच्याही खाली आले. २०१७ मध्ये खुनांची संख्या २९२ होती. खून कमी होण्याची कारणे अनेक असतात आणि त्याचे सगळे श्रेय झडत्या थांबण्याला देण्याचा माझा हेतू नाही. पण ज्या भीतीपोटी लाखो तरुणांना अपमान सोसायला लावला, ती भीती खरी ठरली नाही, एवढे तरी मान्य करावे लागेल. ही पद्धत जोराने राबवणारे महापौर मायकल ब्लूमबर्ग यांनीही नोव्हेंबर २०१९ मध्ये त्याबद्दल जाहीर माफी मागितली.

आता माझ्या राज्याकडे वळतो. न्यू जर्सी टर्नपाइक हा रस्ता इथल्या मराठी माणसाच्या रोजच्या वापरातला आहे. एडिसनला वाणसामान आणायला, विमानतळावर आईवडिलांना घ्यायला आपण याच रस्त्याने जातो. या रस्त्याच्या दक्षिणेकडील टप्प्यात पोलीस कोणाला थांबवतात, हे १९९० च्या दशकात एका फौजदारी प्रकरणाच्या निमित्ताने शास्त्रशुद्ध रीतीने मोजले गेले. रस्त्यावरील वाहनांपैकी सुमारे १३.५ टक्के वाहनांत कृष्णवर्णीय माणसे होती. पोलिसांनी थांबवलेल्या आणि वर्णाची नोंद असलेल्या वाहनांत मात्र त्यांचे प्रमाण ४६ टक्क्यांच्या आसपास निघाले. मग हेच लोक जास्त वेगाने गाडी चालवत असतील का? तेही मोजले गेले, आणि असे दिसले की सुमारे ९८ टक्के चालक वेगमर्यादा ओलांडत होते, काळे आणि गोरे सारखेच. सगळेच नियम मोडत असतील तर कोणाला पकडायचे, हे नियम ठरवत नाही, पोलीस ठरवतो. १९९६ साली राज्याच्या न्यायालयाने हा पुरावा मान्य केला, तरी राज्य सरकार ते नाकारत राहिले.

२३ एप्रिल १९९८ च्या रात्री याच टर्नपाइकवर दोन पोलिसांनी एक व्हॅन थांबवली. आत चार तरुण होते, तीन कृष्णवर्णीय आणि एक हिस्पॅनिक; बास्केटबॉलच्या शिबिरासाठी ते नॉर्थ कॅरोलायनाला निघाले होते. व्हॅन मागे सरकू लागली म्हणून पोलिसांनी अकरा गोळ्या झाडल्या आणि तिघे जखमी झाले. त्या दिवसांतली वर्तमानपत्रे मला आठवतात. माझ्या कार्यालयातील एक कृष्णवर्णीय सहकारी, वयाने आणि हुद्द्याने माझ्याहून मोठा, त्या आठवड्यात कँटीनमध्ये फारसे बोलला नाही. पण पुढे एकदा त्याच्या गाडीतून जाताना मला दिसले की लायसन्स, गाडीचे नोंदणीपत्र आणि विम्याचा कागद असे तिन्ही त्याने समोरच्या सनव्हायझरला क्लिपने अडकवून ठेवले होते. पोलिसाने थांबवल्यावर आपला हात डॅशबोर्डच्या कप्प्यात किंवा मागच्या खिशात जाऊ नये, म्हणून ही व्यवस्था त्याने कॉलेजात असल्यापासून पाळली होती. हात स्टिअरिंगवर, आतला दिवा लावलेला, काहीही करण्यापूर्वी ते तोंडाने सांगायचे आणि मग सावकाश करायचे, हे तो आपल्या मुलाला गाडी शिकवताना गिअर आणि ब्रेकच्या आधी शिकवत होता. मी तोवर कित्येक वर्षे त्याच रस्त्यावरून त्याच वेगाने गाडी चालवत होतो आणि माझी कागदपत्रे कुठल्या कप्प्यात आहेत, हे मला धड ठाऊकही नव्हते.

त्या गोळीबारानंतर बरेच काही उघडकीस आले. राज्य पोलिसांचे प्रमुख कार्ल विल्यम्स यांनी कोकेन आणि गांजाच्या धंद्यात अल्पसंख्याकच बहुधा असतात अशा आशयाचे विधान मुलाखतीत केले आणि गव्हर्नर क्रिस्टीन टॉड व्हिटमन यांनी त्यांना फेब्रुवारी १९९९ मध्ये पदावरून काढले. एप्रिल १९९९ मध्ये राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलनीच आपल्या अहवालात मान्य केले की वर्णावरून थांबवण्याचा प्रकार काल्पनिक नसून खरा आहे. चालकाच्या ‘संमतीने’ झालेल्या झडत्यांपैकी सुमारे ७७ टक्के झडत्या कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक लोकांच्या होत्या. अंधाऱ्या महामार्गाच्या कडेला दोन सशस्त्र माणसे उभी असताना दिलेल्या संमतीची किंमत काय असते, हे वाचकांनीच ठरवावे. आपण किती कृष्णवर्णीयांना थांबवतो हे लपवण्यासाठी नोंदवहीत त्यांचा वर्ण गोरा लिहिला जात होता, हेही त्या प्रकरणात पुढे आले. निव्वळ अनुभवाने वागणाऱ्या माणसाला नोंदी खोट्या लिहाव्या लागत नाहीत. त्यानंतर दहा वर्षे राज्य पोलिसांवर केंद्रीय देखरेख होती.

यात एका गोष्टीकडे दुर्लक्ष होते, ती म्हणजे १९९६ चा सर्वोच्च न्यायालयाचा रेन खटल्यातील निकाल. वॉशिंग्टनमध्ये साध्या वेशातील पोलिसांनी एका चौकात जरा जास्त वेळ थांबलेली गाडी अडवली होती आणि आत अमली पदार्थ सापडले. न्यायालयाने एकमताने सांगितले की वाहतुकीचा कोणताही नियम मोडला गेला असेल, तर पोलिसाने गाडी थांबवणे वैध आहे. त्याच्या मनात खरा हेतू कोणता होता, याची चौकशी अवाजवी झडतीला मनाई करणाऱ्या चौथ्या घटनादुरुस्तीखाली होणार नाही. आता नंबरप्लेटवरचा मंद दिवा, आरशाला लटकवलेली वस्तू, मार्गिका बदलताना न दिलेला इशारा हे सगळे नियमभंगच आहेत. प्रत्येक चालक थोड्या अंतरातच असा एखादा नियम मोडतो, आणि म्हणून थांबवायला निमित्त नाही असा चालकच शिल्लक राहत नाही. टेक्सासमध्ये सँड्रा ब्लँड यांना जुलै २०१५ मध्ये मार्गिका बदलताना इशारा न दिल्याच्या कारणावरून थांबवले गेले, वाद वाढला, त्यांना अटक झाली आणि तीन दिवसांनी त्या कोठडीत मृतावस्थेत सापडल्या.

मिनेसोटातील फिलँडो कॅस्टिल यांचे प्रकरण मला त्याहून अधिक बोलके वाटते. सेंट पॉलच्या शाळेत मुलांना जेवण वाढण्याच्या विभागात ते काम करत. ३२ वर्षांच्या आयुष्यात त्यांना पोलिसांनी चाळीसहून अधिक वेळा थांबवले होते आणि त्यातील बहुतेक कारणे किरकोळ होती. ६ जुलै २०१६ रोजी त्यांना शेवटचे थांबवण्यात आले तेव्हा पोलिसाने त्यांना ब्रेकचा दिवा बंद असल्याचे सांगितले. पण त्याआधी त्याने वायरलेसवर सहकाऱ्याला कळवले होते की चालकाचे रुंद नाक एका दरोड्यातील संशयिताशी जुळते. कॅस्टिल यांनी आपल्याजवळ पिस्तूल असल्याचे स्वतःहून, शांतपणे सांगितले. त्यांच्याकडे त्याचा परवाना होता. काही क्षणांत सात गोळ्या झाडल्या गेल्या. गाडीत त्यांची मैत्रीण आणि तिची चार वर्षांची मुलगी होती. पुढील वर्षी ज्युरीने त्या पोलिसाला निर्दोष सोडले.

पोलीस थांबवतात त्यामागे कधी पैसाही असतो. मिसुरीतील फर्ग्युसन या छोट्या शहरात मायकल ब्राउन या तरुणाच्या पोलिसाच्या गोळीने झालेल्या मृत्यूनंतर केंद्रीय न्याय विभागाने चौकशी केली आणि मार्च २०१५ मध्ये अहवाल दिला. शहरात कृष्णवर्णीय ६७ टक्के. थांबवलेल्या वाहनांत ८५ टक्के, अटकांत ९३ टक्के. गाडी थांबवल्यावर त्यांची झडती होण्याची शक्यता गोऱ्यांच्या दुप्पट, आणि काही बेकायदा सापडण्याची शक्यता २६ टक्क्यांनी कमी. दंडाची वसुली हा नगरपालिकेच्या उत्पन्नाचा भाग होता आणि ती वाढवण्यासाठी वरिष्ठ तगादा लावत. अहवालात एका बाईची हकीकत आहे. २००७ साली तिने चुकीच्या जागी गाडी लावली, १५१ डॉलर दंड आणि वर शुल्क बसले. ती गरीब होती, काही काळ बेघरही होती. तारखांना हजर न राहिल्याबद्दल नवे दंड आणि वॉरंट निघत गेले, दोनदा अटक झाली, सहा दिवस तुरुंगात काढले. तिने २५ आणि ५० डॉलरचे हप्ते भरायचा प्रयत्न केला, तर पूर्ण रक्कम नाही म्हणून न्यायालयाने ते परत केले. २०१४ च्या अखेरीस तिने ५५० डॉलर भरलेले होते आणि ५४१ डॉलर अजून देणे बाकी होते. गुन्हा काय, तर सात वर्षांपूर्वी लावलेली गाडी.

देशभराच्या पातळीवर पाहायचे तर स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास आहे, ज्यात गाड्या थांबवल्याच्या साडेनऊ कोटींच्या आसपास नोंदी तपासल्या गेल्या. त्यांची एक युक्ती मला फार मोलाची वाटते. संध्याकाळी सातची वेळ घ्या. उन्हाळ्यात तेव्हा उजेड असतो आणि हिवाळ्यात अंधार. रस्त्यावरचे लोक साधारण तेच, कामावरून घरी जाण्याची वेळ तीच, फरक फक्त इतकाच की अंधारात पोलिसाला चालकाचा चेहरा दिसत नाही. अंधार पडल्यावर थांबवलेल्यांमधील कृष्णवर्णीयांचे प्रमाण कमी होते, असे संशोधकांना आढळले. ते गुन्ह्यांच्या प्रमाणामुळे अधिक थांबवले जात असतील, तर सूर्य मावळल्यावर ते प्रमाण का बदलावे, याचे उत्तर आपल्या लेखकांनी द्यावे.

मी पोलिसांचा वैरी नाही. त्या देशात माणसांपेक्षा बंदुका अधिक आहेत, आणि अनोळखी गाडीच्या खिडकीशी जाणाऱ्या पोलिसाच्या मनातली भीती खोटी नसते. कृष्णवर्णीय वस्त्यांत खून अधिक होतात हेही खरे आहे. देशातील खुनाच्या बळींत निम्म्याच्या आसपास कृष्णवर्णीय असतात आणि लोकसंख्येत ते १३ टक्क्यांच्या घरात आहेत. पण यावरून निघणारा निष्कर्ष लेखकाच्या विरुद्ध जातो. फ्लॉइड यांच्या मृत्यूनंतरचे आंदोलन ऐन भरात असताना गॅलप या जनमत चाचणी संस्थेने केलेल्या आणि ऑगस्ट २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ८१ टक्के कृष्णवर्णीयांनी आपल्या भागातील पोलिसांची उपस्थिती आहे तितकी किंवा अधिक असावी असेच सांगितले होते. त्यांना पोलीस हवे आहेत. आपल्या मुलाचा खून करणाऱ्याला शोधणारे पोलीस त्यांना हवे आहेत, आणि त्यांच्या वाट्याला येतात ते त्याच मुलाच्या भावाला दिवा बंद म्हणून अडवणारे. एकदा हा अनुभव आला की साक्ष द्यायला कोणी पुढे येत नाही, आणि खुनाचा तपास तिथेच अडतो.

राहिला भारतीयांना त्रास नसल्याचा दावा. फेब्रुवारी २०१५ मध्ये अलाबामातील मॅडिसन या शहरात गुजरातहून मुलाकडे आलेले ५७ वर्षांचे एक गृहस्थ सकाळी घराजवळ फिरायला निघाले. नातवाला सांभाळायला ते नुकतेच आले होते. शेजारच्या कोणीतरी पोलिसांना फोन करून सांगितले की एक किडकिडीत काळा माणूस घरांकडे पाहत फिरतो आहे. पोलीस आले. त्या गृहस्थांना इंग्रजी येत नव्हते. तेवढे ते सांगू शकले. हात मागे धरलेल्या अवस्थेत एका पोलिसाने त्यांना तोंडावर जमिनीवर आपटले, मानेच्या मणक्याला इजा झाली आणि त्यांना अंशतः पक्षाघात झाला. हे सगळे पोलिसांच्याच गाडीतील कॅमेऱ्यात टिपले गेले. राज्याच्या गव्हर्नरांनी भारताकडे दिलगिरी व्यक्त केली. पण केंद्रीय खटल्यात दोन वेळा ज्युरीचे एकमत झाले नाही, जानेवारी २०१६ मध्ये न्यायाधीशांनी त्या पोलिसाला दोषमुक्त केले आणि तो पुन्हा नोकरीवर रुजू झाला. शहराने २०२१ मध्ये साडेसतरा लाख डॉलर देऊन दावा मिटवला. त्या गृहस्थांनी कोणताही कायदा मोडला नव्हता. फोन करणाऱ्याला ते काळे दिसले, एवढ्याने ते घडले. इतरांना लागू होणारा संशय आपल्याला लागू होणार नाही, ही समजूत दुसऱ्याच्या डोळ्यांवर अवलंबून आहे.

या देशात आपले पाऊल पडले तेही एका लढ्यामुळे, हे इथले मराठी लोक विसरतात याचे मला मनापासून वाईट वाटते. १९२३ साली भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने भारतीय माणूस गोरा नाही, म्हणून नागरिकत्वास अपात्र, असा निर्णय दिला होता. १९६५ च्या स्थलांतर कायद्याने दार उघडले आणि तो कायदा कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्क चळवळीने तयार केलेल्या वातावरणात झाला. आपल्यातील बहुतेकांचा व्हिसा त्या कायद्याची देणगी आहे. महाराष्ट्रात तर हे नाते आणखी जवळचे आहे. ओकलंडमध्ये १९६६ साली ब्लॅक पँथर पक्ष निघाला तो पोलिसांच्या गस्तीवर स्वतः गस्त घालण्यासाठी. थांबवलेल्या माणसाशी पोलीस कसे वागतात हे कार्यकर्ते जवळ उभे राहून पाहत आणि त्याला त्याचे कायदेशीर हक्क सांगत. १९७२ साली मुंबईत ज्या तरुणांनी दलित पँथर उभी केली, त्यांनी नाव तिथूनच घेतले होते.

आणि हा प्रश्न आता मागचा राहिलेला नाही. जुलै २०२५ मध्ये लॉस एंजेलिसच्या न्यायाधीशांनी स्थलांतर अधिकाऱ्यांना केवळ वंश, स्पॅनिश किंवा विशिष्ट ढबीचे इंग्रजी बोलणे, ठरावीक जागी असणे किंवा ठरावीक काम करणे एवढ्यावरून माणसे अडवण्यास मनाई केली होती. ८ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी त्या मनाईला स्थगिती दिली. न्यायमूर्ती कॅव्हनॉ यांनी लिहिले की वंश एकटा पुरेसा नाही, पण इतर गोष्टींबरोबर तो विचारात घेता येतो; न्यायमूर्ती सोटोमायोर यांनी त्याला कठोर शब्दांत विरोध नोंदवला. ढबीचे इंग्रजी कोणाचे असते? माझे आहे, आणि माझ्या ओळखीतल्या जवळजवळ प्रत्येक मराठी माणसाचे आहे. नागरिकत्व मिळून वीस वर्षे झालेली माणसे आता पासपोर्टची प्रत पाकिटात ठेवू लागली आहेत. त्या सहकाऱ्याच्या सनव्हायझरवरच्या क्लिपचा अर्थ त्यांना आता समजू लागला असेल, तर ती उशिरा का होईना झालेली ओळख मला महत्त्वाची वाटते.

उपाय नाहीत असेही नाही. व्हर्जिनिया राज्याने २०२१ पासून केवळ किरकोळ उपकरणदोषांवरून गाडी थांबवण्यास बंदी घातली. फिलाडेल्फिया शहराने त्याच वर्षी अशा आठ नियमभंगांसाठी रस्त्यात न थांबवण्याचा ठराव केला. कॅलिफोर्नियात २०१५ च्या कायद्यानुसार प्रत्येक थांबवण्याची वर्णनिहाय नोंद प्रसिद्ध करावी लागते. न्यू जर्सीतील आमच्या मराठी मंडळींनी आपापल्या टाउनशिपच्या बैठकीत जाऊन पोलिसांच्या अशा नोंदी मागाव्यात, असे मी इथल्या मंडळाला लेखी कळवले आहे. त्या बैठका सर्वांसाठी खुल्या असतात आणि तिथे पाच माणसेही जात नाहीत.

आपल्याला एक विनंती आहे. लेखकांनी दिलेले अटकांचे आकडे खोटे नाहीत, पण ते अर्धे आहेत. किती जणांना अडवले, कोणाला अडवले आणि त्यांच्याकडे काय सापडले, हे तीन आकडे त्यांच्या शेजारी छापले नाहीत, तर वाचकांची दिशाभूल होते. पुढील रविवारी त्याच पुरवणीत, तितक्याच ठळकपणे, ते छापावेत.

आपला,
एक नियमित वाचक
मिडलसेक्स काउंटी, न्यू जर्सी